परिचर गटातलं रॉकेट

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात एक गट असा आहे की त्याच्या वाट्याला कधी गर्दी आली नाही. विद्यार्थ्यांचे गट भरतात. शिक्षकांचा तर ओसंडतो, कारण प्रमाणपत्र पुढे कामाला येतं. पण प्रयोगशाळा परिचरांचाही एक गट असतो, हे खुद्द परिचरांनाच ठाऊक नसतं. परीक्षानळ्या धुणारा माणूस स्वतः काही बनवील, असं कधीतरी कुणीतरी वर बसून मानलं, कागदावर लिहिलं आणि विसरून गेलं. दर डिसेंबरात परिपत्रक येतं, त्यात ती ओळ असते, आणि दर डिसेंबरात मी त्या ओळीपुढे ‘निरंक’ लिहून पाठवतो.

मी मुंजाजी, साखऱ्याच्या अलीकडे माळावर एक शाळा आहे, तिथला लिपिक. लिपिकाला शाळेत कुणी माणसात धरत नाही, म्हणून त्याच्यासमोर सगळे मोकळं बोलतात. मी ऐकतो आणि ज्याच्या त्याच्या नावापुढे मनातल्या मनात मांडून ठेवतो.

शिला राठोड आमची परिचर. नवरा प्रेमसिंग याच जागेवर होता. तो गेल्यावर अनुकंपेत ती लागली. तांड्यावरून रोज तीन किलोमीटर पायी येते. वय तेहतीस, आणि पन्नाशीला टेकलेले मास्तर तिला ‘मावशी’ म्हणतात.

तिच्या नावापुढे मी मांडून ठेवलेलं असं: सायकलच्या चाकाची पवनचक्की, ज्वारीच्या धाटांचा पूल, मडक्यातली पाणी गाळायची चाळणी, आणि एक भूकंपमापक, जो ट्रॅक्टर गेला तरी हलायचा; शिवाय आणखी दोन. सहा वर्षांत सहा वस्तू. आणि रविंद्र सरांच्या नावापुढे सहा प्रमाणपत्रं.

रविंद्र सर आमचे विज्ञानाचे शिक्षक. आवाज खडा, अक्षर मोत्यासारखं, इस्त्री कडक. ते लबाड आहेत असं मी म्हणणार नाही. “मावशी, असं असं करा,” एवढं तोंडानं म्हटलं की वस्तू आपण बनवली, ही त्यांची अगदी प्रामाणिक समजूत. बनवलं कुणी, हे साऱ्या शाळेला माहीत होतं. नाव कुणाचं लागलं, तेही माहीत होतं. आणि लिहिलं कुणी, तर मी. ही नोंदही इथंच झालेली बरी.

या खेपेला सरांनी मोबाइलवर एक चित्र दाखवलं. वरच्या हवेचा अभ्यास करायला सोडतात ते लांबट, बारीक रॉकेट, बुडाशी चार पंख, खाली मापं दिलेली.

“मावशी, याची हुबेहूब प्रतिकृती करा. थर्माकोल घ्या, लवकर होतं.”

“उडंल का सर?”

“प्रतिकृती कुठं उडत असती काय?”

शिला गप्प बसली. तिचं गप्प बसणं म्हणजे होकार, असं सरांनी सहा वर्षं धरलं होतं.

तिनं थर्माकोलला हात लावला नाही. प्रत्येक मापाला तिनानं भागलं. गेल्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका कणकेच्या खळीनं एका पाइपावर गुंडाळल्या, वाळल्यावर पाइप उपसून काढला, आणि आठवीच्या भूगोलाची एक टणक, हलकी नळी तयार झाली. कनेरगाव नाक्यावरच्या धाब्यातून थंड पेयाची बाटली आणून नळीच्या बुडाशी तोंड खाली करून बसवली. टोक पांगऱ्याच्या लाकडाचं, विळ्यानं तासून. पंख लग्नपत्रिकांचे, तीन-तीन एकावर एक चिकटवलेले. एका पंखावर वधूचं नाव, दुसऱ्यावर ‘आपले विनीत’. बाटलीच्या तोंडाला प्रयोगशाळेतलं रबरी बूच, बुचात सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह. बाटलीत थोडं पाणी घालायचं, पंपानं हवा भरायची. हवा दाटली की बूच सुटतं, पाणी खाली झेपावतं आणि रॉकेट वर. उभं केलं की तिच्या छातीला लागायचं.

पहिल्यांदा तांड्यामागच्या माळावर सोडलं तेव्हा ते लिंबाच्या झाडाएवढं वर गेलं, कोलांटी खाल्ली आणि भुईत आपटलं. दुसऱ्यांदा तसंच. पाचव्यांदाही तसंच. मापं दहा वेळा तपासली, बराबर होती. हुबेहूब होतं, तीच अडचण होती. खऱ्या रॉकेटला त्याच्या वेगामुळं एवढुसे पंख पुरतात. आमच्या कागदी नळीला पुरेनात.

कोडं सोडवलं पारुबाईनं, शिलाच्या सासूनं. शिला तिला ‘याडी’ म्हणते, म्हणजे आई. ती हुरड्याची राखण करून आली होती, गोफण खांद्यावर. पडलेलं रॉकेट तिनं उचललं, एका बोटावर तोललं आणि गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, म्हणाली ते शिलानं मला नंतर मराठीत सांगितलं: “ह्याचं तोंड हलकं अन बूड जड. असा बाण सरळ जात न्हाई, अन असं माणूसबी.” मग जिथं तोल साधत होता तिथं दोरी बांधून तिनं रॉकेट गोफणीसारखं डोक्यावर गरगर फिरवलं. ते आडवं-तिडवं भिरभिरलं. शिलानं टोकात ओली माती भरली. पुन्हा तोल, पुन्हा गाठ, पुन्हा फिरवणं. मातीची अशी सहा बोटं भरल्यावर रॉकेट टोक पुढं करून फिरायला लागलं. बाराव्या खेपेला मी स्वतः बघायला गेलो होतो. चिंचेच्या दुप्पट उंच गेलं, रेघ ओढल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली.

“मुंजाजीभाऊ, परिचर गटाचा फारम असतो म्हणं.”

“असतो. कोरा असतो.”

“भरा.”

“कुणाच्या नावानं?”

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. “तुमाला माझं नाव लिहायची सवय न्हाई, म्हणून हळू सांगते. शि. ला.”

मी लिहिलं. प्रतिकृतीचा प्रकार असा रकाना होता, पुढे छापलेलं: स्थिर किंवा चालती, एकावर खूण करा.

“स्थिर तर न्हाई. अन चालतबी न्हाई ते. उडती लिहा.”

असा पर्याय छापलेला नव्हता. मी समासात हातानं लिहिला. मग तो फॉर्म मी जावक क्रमांक टाकून त्याच दुपारी तालुक्याला, सेनगावला स्वतः नेऊन दिला. जावक क्रमांक पडला की कागद परत बोलावायला कारण लिहावं लागतं, आणि आमचे मोठे सर कारण लिहायला फार भितात.

मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. त्यांना संध्याकाळपर्यंत कळलंच. शिलाला बोलावलं, मलाही उभं केलं. रविंद्र सर खुर्चीवर होते, दुखावलेले.

“मावशी, एकच वस्तू दोन गटात कशी जाईल? सरांचा फॉर्म आधीच गेलाय.”

“मंग सरांनी दुसरी बनवावी. दहा दिस हायेत.”

“कल्पना माझी होती, मावशी,” रविंद्र सर म्हणाले. “चित्र कुणी दाखवलं?”

“चित्र तुमीच दाखवलं सर. चित्र तुमच्या मोबाइलात हाय अजून. ते तुमचंच.”

मोठ्या सरांनी चष्मा पुसला. “तुमचं सर्व्हिस बुक माझ्याकडं असतं, ध्यानात हाय न्हवं?”

“व्हय. त्यात माझं काम प्रयोगशाळा लिहिलंय. तेच करून राहिले.”

“उद्यापासून गेटवर बसा. प्रयोगशाळेची चावी सरांकडं द्या.”

तिनं चावी टेबलावर ठेवली, आदळली नाही. नऊ दिवस ती गेटवर बसली. रॉकेट प्रयोगशाळेत कुलूपबंद. जाता-येता मास्तर विचारायचे, “काय मावशी, बढती झाली का?” ती म्हणायची, “व्हय सर. आता कोण किती वाजता येतं ते मला दिसतं.” दोन दिवसांत विचारणारे कमी झाले. नऊ दिवसांत मी तिला इतकंच म्हणालो की फॉर्म मागे घेतला तर चावी परत मिळेल. ती म्हणाली, “भाऊ, एकदा मागं घेतलं की मंग दर साली मागंच घ्यावं लागंल.” मी पुन्हा तो विषय काढला नाही.

प्रदर्शन सेनगावच्या एका शाळेत होतं. पारुबाई सुनेसोबत आली होती, सणाला नेसतात तसा सगळा साज करून. आरसे लावलेली कांचळी म्हणजे चोळी, ओढणीच्या काठाला पितळी घुगऱ्या, म्हणजे बारीक घुंगरं, ओवलेल्या. चालली की दालनातली माणसं वळून बघायची.

टेबल नंबर चौदावर रॉकेट उभं होतं, आणि ते बघून शिलानं डोळे मिटले. सरांनी त्याला हिंगोलीहून रंगवून आणलं होतं. तीन हात ऑइल पेंट, पंखांवर चंदेरी, आणि ते पडू नये म्हणून खाली प्लायवूडची पाटी, पंखांतून आरपार खिळे मारून बसवलेली. सुंदर दिसत होतं. पुढं पाटी: सादरकर्ते, रविंद्र सर.

परिचर गटाचं टेबल दाराशी, पाण्याच्या पिंपाजवळ. त्यावर स्वच्छ चादर, शिलाच्या नावाचं कार्ड, आणि काहीच नाही. ती त्या मोकळ्या टेबलामागं नऊपासून उभी राहिली. पारुबाई शेजारी भिंतीला टेकून बसली.

“मावशी, चहाचं टेबल हेच का?” एका मास्तरांनी विचारलं.

“चहा तिकडं. हितं रॉकेट हाय.”

“कुठं हाय?”

“उसनं गेलंय.”

बारा वाजता परीक्षक आल्या. शिवकन्या मॅडम, हिंगोलीच्या, पायात स्पोर्ट शूज, बोलणं कमी. त्यांनी मोकळ्या टेबलाकडं बघितलं, हातातल्या यादीकडं बघितलं.

“बाई, तुमची प्रतिकृती?”

“तिकडं चौदा नंबरवर उभी हाय, मॅडम.”

“मग इथं का नाही?”

“तिला खिळे मारलेत.”

मॅडम चौदा नंबरला गेल्या. मागोमाग शिला, तिच्यामागं मी, आणि मग जे लोक नुसते बघायला आले होते ते. रविंद्र सरांनी छान सांगितलं. न्यूटनचा तिसरा नियम, अवकाश, देशाची प्रगती. आवाज दालनभर. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

“उडतं का?”

“मॅडम, ही स्थिर प्रतिकृती आहे. फॉर्मवर तसं लिहिलंय.”

मॅडमनी फाइलमधून दोन्ही फॉर्म काढले आणि शेजारी शेजारी धरले. “हो, इथं स्थिर लिहिलंय. आणि यावर हातानं ‘उडती’. हे कुणी लिहिलं?”

“मी, मॅडम,” मी म्हणालो. “रकाना नव्हता.”

“दोन फॉर्म, वस्तू एक.” त्यांनी फाइल मिटली. “चला मैदानात. उडालं तर बाईंचं, नाही उडालं तर सरांचं. चालेल?”

शिलानं मान हलवली. रविंद्र सरांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि मला पहिल्यांदा धास्ती वाटली. खिळे, प्लायवूड, तीन हात रंग. ते उडणार नाही, हे सरांना पक्कं माहीत होतं. रॉकेटबद्दल एवढीच एक गोष्ट त्यांना माहीत होती.

मैदानात शिला मांडी घालून बसली. मंडपवाल्याकडून पक्कड मागून एकेक खिळा उपसला. पंखांना भोकं पडलेली. तिनं रॉकेट बोटावर तोललं. रंग बुडाकडं जास्त ओघळला होता. तोल चार बोटं मागं सरकला होता. तिनं नव्या जागी दोरी बांधली आणि सासूच्या हातात दिली.

पारुबाईनं ते डोक्यावर फिरवलं. रॉकेट आडवं होऊन भेलकांडलं. लोक हसले.

“मावशी, राहू द्या,” रविंद्र सर जवळ येऊन हळू म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच कळकळ होती. “शाळेचं नाक कापू नका.”

“कापायचं न्हाई सर. जड करायचंय.”

पण जड करायला काही नव्हतं. सगळ्या मैदानात सिमेंटचे ठोकळे बसवलेले, माती औषधालाही नाही. शिला इकडं तिकडं बघत होती तेवढ्यात पारुबाईनं ओढणीचा काठ तोंडात धरला आणि दातानं कडकन दोरा तोडला. पितळी घुगऱ्या तळहातावर आल्या.

“याडी, तुजी ओढणी...”

“बोलू नको, घाल. येक येक घाल, म्या फिरवते.”

शिलानं टोक काढलं, आतल्या सुकल्या मातीत बोटानं खळगा केला, एक घुगरी दाबून बसवली. पारुबाईनं फिरवलं. भेलकांड. दुसरी. भेलकांड. प्रत्येक खेपेला तोल नव्यानं बघायचा, गाठ नव्यानं मारायची. चौथ्या घुगरीला हसणारे पुढं सरकले. पाचवीला कुणीतरी मोबाइल वर धरला. सहावीला रॉकेट क्षणभर सरळ झालं आणि पुन्हा डगमगलं. सातवीला टोक पुढं आलं आणि पुढंच राहिलं, सू सू करत, आणि पुढच्या रांगेतली माणसं आपोआप दोन पावलं मागं सरली, कारण पारुबाईच्या हाताचा वेग काही शाळेतला नव्हता.

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं.

तेवढ्यात मोठे सर आले. “मावशी, हे सोडलं अन कुणाला लागलं तर सोमवारी लेखी खुलासा द्यावा लागेल. सांगून ठेवतो.”

शिला पाणी भरत होती. “देते सर. तवर जरा मागं व्हा, भिजाल.”

मोठे सर मागं झाले. रविंद्र सर झाले नाहीत. ठोकळ्यांच्या फटींत रोवलेल्या बांबूच्या तीन काड्यांमध्ये रॉकेट उभं केलं, बूच दाबलं, शिला सोबत आणलेल्या पंपावर वाकली. पंपाचा दांडा वर-खाली, वर-खाली. चौदा, पंधरा. बुचातून पाण्याचा एक थेंब सुटला. विसावर तिचा पदर सुटला, तिनं तो खोचला नाही. पंचवीस. मी मनात म्हणालो, बूच अडकलं. एकोणतिसाव्याला फट् झालं, आणि जागेवर फक्त पाण्याचा फवारा आणि कडक इस्त्रीची एक ओली पँट राहिली.

ते शाळेच्या पाण्याच्या टाकीवरून गेलं. आमच्या माळावर गेलं त्याहून थोडं कमी गेलं असेल. रंगाचं ओझं होतं. पण सरळ गेलं. वर एक क्षण थांबल्यासारखं झालं, मग टोक खाली करून शेजारच्या तुरीत पडलं. पोरं पळाली. पारुबाई तोवर काठाचे तुटके दोरे गुंडाळत होती.

शिलानं प्लायवूडची पाटी खिळ्यांसकट उचलली आणि रविंद्र सरांच्या हातात दिली. “सर, तुमची स्थिर.”

दालनात परतल्यावर शिलाच्या टेबलाशी येऊन मॅडम म्हणाल्या, “परिचर गटात पहिला क्रमांक. अभिनंदन, बाई.”

“मॅडम, त्या गटात म्या एकलीच व्हते. एकलीच पळले तर पहिलीच येनार. शिक्षकांच्या संगं लावून गुण किती पडले ते सांगा.”

“तसं जाहीर करता येत नाही मला.” असं म्हणून मॅडमनी गुणपत्रक टेबलावर ठेवलं आणि पाणी प्यायला गेल्या. सावकाश प्यायल्या. शिलानं वाचलं. मीही वाचलं, आकडे उलटे असले तरी लिपिकाला वाचता येतात. ते गोपनीय आहेत, तेव्हा इथं सांगत नाही. रविंद्र सर शेजारीच होते, त्यांनी मात्र त्या कागदाकडं बघितलं नाही, एवढं सांगतो.

सोमवारी शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला. मोठ्या सरांचा फोटो मोठा, रविंद्र सरांचा मध्यम, आणि खाली कोपऱ्यात, मतदार ओळखपत्रावरून काढलेली शिला. ती त्याच फ्लेक्सखाली गेटवर बसलेली. खुलासा कुणी मागितला नाही.

जिल्ह्याचा फॉर्म आला होता. आमच्या शाळेतून जिल्ह्याला आजवर कुणी गेलं नव्हतं, त्यामुळं तो फॉर्म मीही पहिल्यांदाच बघत होतो. त्यात एक रकाना: मार्गदर्शक.

“तिथं माझं नाव टाका,” रविंद्र सर म्हणाले. पँट नवी होती. “बनवलं मावशीनंच, ते मी कुठं नाकारतो? पण मार्गदर्शन म्हणून.”

“टाका,” मोठे सर म्हणाले. “विषय मिटवू.”

मी फॉर्म घेऊन गेटवर गेलो. रकान्यावर बोट ठेवलं. शिलानं वाचलं आणि म्हणाली, “पारुबाई राठोड.”

“शिक्षणही विचारलंय.”

“शाळेत गेली न्हाई, असं लिहा. जे हाय ते हाय.”

मी तिथंच, गेटच्या खांबावर कागद ठेवून लिहिलं, आणि ती माझ्यासोबत आत आली. मोठ्या सरांनी फॉर्म वाचला. मग परत वाचला.

“शाळेत न गेलेली मार्गदर्शक? वर काय म्हणतील? यावर मी सही करत न्हाई.”

“नका करू,” शिला म्हणाली. “मंग म्या जात न्हाई जिल्ह्याला. खोटं नाव घेऊन तर जातच न्हाई.”

“अहो, पण फ्लेक्स लागलाय.”

“तो उतरवता येतो सर. शिडी स्टोअरात हाय.”

मोठ्या सरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. तिथून त्यांना स्वतःचा फोटो दिसत होता, पाठीमागून, उजेडात उलटा. फॉर्म पाच वाजायच्या आत सेनगावला पोचवायचा होता आणि पावणेचार झाले होते. त्यांनी पेन उघडलं, एकदा झटकलं आणि सही केली. मी लगेच शिक्का मारला. माणसाचं मन बदलायच्या आत शिक्का मारावा, हे मला नोकरीनं शिकवलंय.

मी कागद पाकिटात घालत होतो. शिला अजून गेली नव्हती. ती रविंद्र सरांकडं वळली आणि हात पुढं केला, तळवा वर.

“चावी, सर. पंखाला भोकं पडलीत, बुजवायची हायेत.”

सरांनी मोठ्या सरांकडं बघितलं. मोठे सर पेनाला टोपण लावत होते, ते काही केल्या नीट लागत नव्हतं. शिलानं हात खाली घेतला नाही.

सरांनी खिशात हात घातला.